पाहुणा की वारसदार? कॅतलन ड्रॅगन्सच्या २०२१ च्या हंगामाची चिकित्सा

प्रस्तावना

९ ऑक्टोबर २०२१ रोजी मँचेस्टर येथील ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सुपर लीग या रग्बी लीग स्पर्धेचा अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या सेंट हेलन्स संघाने दक्षिण फ्रान्समधील पर्पिन्याँ या शहराच्या कॅतलन ड्रॅगन्स संघाचा १२-१० असा पराभव केला. विजेत्यांच्या यादीत त्या वर्षासमोर सेंट हेलन्सचे नाव आहे. यादी यापेक्षा अधिक काही सांगत नाही आणि ते तिचे कामही नव्हे. मात्र ज्या क्लबने साखळी फेरीच्या गुणतक्त्यात प्रथम क्रमांक मिळवला, त्याचा संपूर्ण हंगाम शेवटच्या ऐंशी मिनिटांतील दोन गुणांच्या फरकावरून जोखावा काय, हा प्रश्न क्रीडासमीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

प्रस्तुत लेखात या हंगामाचा विचार तीन प्रश्नांच्या अनुषंगाने केला आहे. पहिला, एका ब्रिटिश स्पर्धेत खेळणाऱ्या या फ्रेंच क्लबचे त्या स्पर्धेतील स्थान पाहुण्याचे आहे की हक्काच्या वारसदाराचे? दुसरा, २०२१ च्या हंगामाने नेमके काय सिद्ध केले? तिसरा आणि अधिक अडचणीचा प्रश्न म्हणजे, जे यश मिळाले ते कोणाचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे क्लबला अनुकूल आहेत. तिसऱ्याचे उत्तर तितकेसे अनुकूल नाही. तरीही या हंगामाचे खरे मोल तिसऱ्या प्रश्नापाशीच लक्षात येते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खेळाची पूर्वपीठिका

आपल्याकडे रग्बी म्हटले की सामान्यतः पंधरा खेळाडूंचा रग्बी युनियन हा खेळ किंवा त्याचे सात खेळाडूंचे ऑलिम्पिक रूप डोळ्यांसमोर येते. रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा खेळ आहे आणि त्याचा जन्म एका आर्थिक तंट्यातून झाला. उत्तर इंग्लंडमधील खाणी, गिरण्या आणि गोद्यांमध्ये काम करणाऱ्या खेळाडूंना शनिवारी सामना खेळण्यासाठी रोजंदारी बुडवावी लागे. या बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्यास रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेने हौशी खेळाच्या तत्त्वाचा दाखला देत नकार दिला. परिणामी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेकडील क्लबांनी वेगळी संघटना स्थापन केली. १९०६ मध्ये खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली आणि यथावकाश हा एक स्वतंत्र खेळ बनला. ज्या कारणासाठी ही फूट पडली, ते व्यावसायिकत्व रग्बी युनियनने बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९९५ मध्ये, स्वीकारले. इतिहासातील हा विरोधाभास बोलका आहे.

फ्रान्समधील रग्बी लीगचा इतिहास यापेक्षाही खडतर आहे. व्यावसायिकता आणि मैदानावरील हिंसा या आरोपांवरून १९३१ मध्ये ब्रिटिश संघटनांनी फ्रान्सशी युनियनचे सामने खेळणे थांबवले. त्यानंतर फ्रेंच महासंघाने बहिष्कृत केलेल्या जाँ गालिया या खेळाडूने १९३४ मध्ये तेरा खेळाडूंचा खेळ देशात रुजवला. नैर्ऋत्येकडील गावागावांत तो वेगाने पसरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पराभूत झाला, व्हिशी येथील राजवट आली आणि १९ डिसेंबर १९४१ च्या फर्मानाने मार्शल पेताँ यांच्या सरकारने या खेळाची संघटना बरखास्त करून तिची मालमत्ता काढून घेतली. एखाद्या खेळाची संघटनाच सरकारी फर्मानाने बुडवली जावी, असे उदाहरण क्रीडेतिहासात विरळा आहे. युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला, पण 'रग्बी' हा शब्द वापरण्याचा अधिकार त्याला जवळजवळ अर्धशतकभर मिळाला नाही. अधिकृतरीत्या तो नुसता 'तेरांचा खेळ' होता. अशा अवस्थेतही पुइग ओबेर यांच्या फ्रेंच संघाने १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाचा त्यांच्याच भूमीवर मालिकेत पराभव केला आणि १९५४ ची पहिली विश्वचषक स्पर्धाही फ्रान्समध्येच भरली.

ड्रॅगन्सचे घरचे मैदान जिल्बेर ब्रुतुस यांच्या नावाने ओळखले जाते. ब्रुतुस हे रग्बीशी संबंधित कार्यकर्ते होते, तसेच जर्मन सत्तेविरुद्धच्या प्रतिकार चळवळीतील सैनिकही होते. १९४४ मध्ये गेस्टापोच्या कैदेत त्यांचा मृत्यू झाला. ज्या राजवटीने हा खेळ बंद पाडला, तिच्या आश्रयदात्यांशी लढताना मरण आलेल्या माणसाच्या नावाच्या मैदानावर आज हा खेळ खेळला जातो. या बाबीकडे केवळ स्थानिक तपशील म्हणून पाहता येणार नाही.

वरील पूर्वपीठिका विस्ताराने देण्याचे कारण असे की, सुपर लीगमधील फ्रेंच क्लबविषयी बोलताना 'विस्तार' हा शब्द सर्रास वापरला जातो. विस्तार म्हणजे मूळ केंद्रापासून नव्या, परक्या प्रदेशात जाणे. पर्पिन्याँच्या बाबतीत ही संज्ञा अपुरी ठरते. उत्तर इंग्लंड आणि दक्षिण फ्रान्स या दोन्ही ठिकाणी हा खेळ प्रस्थापित संघटनेने झिडकारलेल्यांनी उभा केला. तक्रार एकच होती, भाषा मात्र दोन. पर्पिन्याँचा परिसर तर स्वतः फ्रान्समध्येही सीमेवरचा आहे. १६५९ च्या पिरेनीज तहाने हा कॅतलन भाषिक मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे आला. कॅतलन ध्वजाचे लाल आणि सोनेरी रंग क्लबच्या पोशाखावर आहेत, ते या स्मृतीचे द्योतक होत.

सुपर लीगमधील वाटचाल

सुपर लीगचा पहिलाच सामना २९ मार्च १९९६ रोजी पॅरिसमध्ये झाला आणि तो पॅरिस सेंट जर्मेन या फ्रेंच क्लबने शेफील्ड ईगल्सविरुद्ध जिंकला, ही गोष्ट आज अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. तो प्रयोग मात्र दोनच हंगाम टिकला. दोन्ही वेळा बारा संघांत अकरावा क्रमांक आला. राजधानीत या खेळाची परंपरा नव्हती आणि संघात ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा मोठा भरणा होता. मुळे नसलेल्या जागी झाड उभे करण्याचा तो प्रकार होता.

या अनुभवानंतर जेव्हा पुन्हा फ्रेंच क्लब निवडायची वेळ आली, तेव्हा स्पर्धेने परंपरेच्या जागी जाणे पसंत केले. पर्पिन्याँ परिसरातील दोन जुन्या क्लबांच्या एकत्रीकरणातून २००० मध्ये तयार झालेला संघ २००६ मध्ये कॅतलन ड्रॅगन्स या नावाने सुपर लीगमध्ये दाखल झाला. पहिल्या हंगामात तो शेवटच्या, म्हणजे बाराव्या क्रमांकावर राहिला. तेव्हाच्या नियमानुसार शेवटचा संघ खालच्या श्रेणीत जात असे, परंतु नव्या क्लबला सुरुवातीच्या वर्षांसाठी संरक्षण दिलेले असल्याने त्याच्या ऐवजी अकराव्या क्रमांकाचा कॅसलफर्ड संघ खाली गेला.

या घटनेची दखल प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. कॅसलफर्ड हे यॉर्कशरमधील खाणकामगारांचे गाव. कोळसा खाणी बंद झाल्यानंतर अशा गावांच्या सामूहिक जीवनात रग्बीचा क्लब हा उरलेल्या मोजक्या आधारांपैकी एक होता. दूरच्या एका शहरातील क्लबसाठी आपला क्लब खाली ढकलला जावा, हे तेथील प्रेक्षकाला अन्यायकारक वाटले असल्यास त्यास संकुचित मनोवृत्ती म्हणून मोडीत काढता येणार नाही. फ्रेंच क्लबकडे पाहुणा म्हणून पाहण्याच्या वृत्तीमागे अशा काही खऱ्या जखमा आहेत. सवलतीने आलेल्याला आपला हक्क कर्तृत्वाने सिद्ध करावा लागतो आणि पुढील पंधरा वर्षे ड्रॅगन्सनी तेच केले, असे दिसते.

२००७ मध्ये चॅलेंज कप या जुन्या बाद स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला बिगर-इंग्लिश संघ ठरला. वेम्बली येथे सेंट हेलन्सकडून त्याचा ३०-८ असा पराभव झाला. पुढे चढउतार येत राहिले. २०१७ मध्ये तर श्रेणी टिकवण्यासाठी लीविरुद्ध एकच निर्णायक सामना खेळावा लागला, तो २६-१० असा जिंकला म्हणून क्लब वरच्या श्रेणीत राहिला. त्यानंतर अकरा महिन्यांनी, २५ ऑगस्ट २०१८ रोजी, याच क्लबने वॉरिंग्टनला २०-१४ असे हरवून चॅलेंज कप जिंकला. इंग्लंडबाहेरील क्लबने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा लान्स टॉड करंडक तोनी जिगो या फ्रेंच खेळाडूला मिळाला, हेही प्रथमच घडले. मे २०१९ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नू मैदानावर विगनविरुद्धचा साखळी सामना ३१ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. चषकातील यश हे चार-पाच सामन्यांचे असते, संपूर्ण हंगामातील सातत्याची कसोटी मात्र अद्याप बाकी होती.

२०२१ चा हंगाम

२०२१ चा हंगाम महासाथीच्या छायेत खेळला गेला. आदल्याच वर्षी टोरंटो वुल्फपॅक या कॅनडातील क्लबने महासाथीमुळे हंगाम अर्ध्यावर सोडला होता. आता सुपर लीगच्या बारा संघांपैकी अकरा उत्तर इंग्लंडमधील होते आणि एकटा कॅतलन ड्रॅगन्स समुद्रापलीकडचा. इंग्लिश क्लबांचे प्रवास बहुतांशी बसने काही तासांत आटोपतात. ड्रॅगन्सना मात्र प्रत्येक बाहेरच्या सामन्यासाठी देशाची सीमा ओलांडावी लागे आणि त्या वर्षी सीमा ओलांडणे म्हणजे चाचण्या, निर्बंध आणि अनिश्चितता यांना तोंड देणे होते.

रुग्णसंख्येमुळे काही सामने रद्द झाल्याने सर्व संघांचे सामने सारखे झाले नाहीत. त्यामुळे क्रमवारी गुणांऐवजी विजयाच्या टक्केवारीवर ठरवली गेली. अशा तक्त्यातील पहिला क्रमांक कितपत विश्वसनीय, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप तत्त्वतः योग्य आहे, परंतु ड्रॅगन्सचा प्रथम क्रमांक ज्या सामन्यात निश्चित झाला, त्या सामन्याकडे पाहिल्यास तो फारसा टिकत नाही.

४ सप्टेंबर २०२१ रोजी न्यूकॅसल येथील सेंट जेम्स पार्कवर ड्रॅगन्स आणि गतविजेते सेंट हेलन्स समोरासमोर आले. सामना संपायला जेमतेम पाच मिनिटे उरली असताना धावफलक ३०-१२ असा सेंट हेलन्सच्या बाजूने होता. या खेळात ट्रायचे चार गुण आणि त्यानंतरच्या यशस्वी किकचे दोन. म्हणजे बरोबरी साधण्यासाठी तीन ट्राय आणि तिन्ही किक यशस्वी होणे आवश्यक होते, एकही चूक परवडणारी नव्हती. ड्रॅगन्सनी नेमके तेच केले आणि सामना ३०-३० असा बरोबरीत आणला. जादा वेळेत जो प्रथम गुण मिळवील तो विजयी, असा नियम आहे. जेम्स मलोनी याने चेंडू जमिनीवर टप्पा पाडून खांबांमधून मारला, एक गुण मिळाला आणि ३१-३० अशा विजयासह साखळी फेरीतील अव्वल क्रमांकाचा लीग लीडर्स शील्ड प्रथमच फ्रान्समध्ये गेला. ज्या संघाशी मुख्य स्पर्धा होती त्यालाच हरवून हा क्रमांक मिळाला, ही बाब टक्केवारीच्या आक्षेपाला पुरेसे उत्तर देते.

३० सप्टेंबर रोजी पर्पिन्याँ येथे उपांत्य सामना झाला. हल किंग्स्टन रोव्हर्सचा २८-१० असा पराभव करून ड्रॅगन्स अंतिम फेरीत दाखल झाले. अंतिम सामन्यात उत्तरार्धात माइक मॅकमीकन याच्या ट्रायमुळे त्यांना आघाडीही मिळाली. परंतु सेंट हेलन्सच्या केविन नाइकामा याने आपला दुसरा ट्राय नोंदवून ती पुसून टाकली आणि सामना १२-१० वर संपला. पाच आठवड्यांपूर्वी याच प्रतिस्पर्ध्याला एका गुणाने हरवले होते, आता दोन गुणांनी हार पत्करावी लागली. या दोन निकालांपैकी एकाला हंगामाचे सार आणि दुसऱ्याला निव्वळ प्रसंग मानण्यास स्पर्धेच्या नियमावलीव्यतिरिक्त कोणताही आधार नाही. नियमावली विजेता ठरवते, ती गुणवत्तेचे अंतिम विश्लेषण करीत नाही.

पाहुणेपणाची कल्पना या हंगामाने निकाली काढली, असे म्हणता येईल. सवलतीच्या बळावर अकराव्या क्रमांकाच्या संघाची जागा घेणारा क्लब पंधरा वर्षांनी सर्व संघांच्या वर गेला. हा योगायोग नव्हता, हे २०२३ मध्ये पुन्हा दिसून आले. त्या वर्षी विगन, ड्रॅगन्स आणि सेंट हेलन्स या तिन्ही संघांचे प्रत्येकी ४० गुण झाले. ड्रॅगन्सनी उपांत्य फेरीत सेंट हेलन्सला नमवले आणि अंतिम सामन्यात विगनकडून १०-२ अशी हार पत्करली.

कण्याचा प्रश्न

आता तिसऱ्या, अधिक अडचणीच्या प्रश्नाकडे वळू. रग्बी लीगमध्ये आक्रमक संघाला सलग सहा टॅकलपर्यंत चेंडू आपल्याकडे ठेवता येतो. त्या सहा संधींत चेंडू कोणी, कोठे आणि केव्हा द्यावा, शेवटी किक कोठे मारावी, हे ठरवणारे खेळाडू म्हणजे फुलबॅक, दोन हाफबॅक आणि हुकर. या चार जागांना संघाचा कणा म्हटले जाते. उरलेले खेळाडू बळ पुरवतात, हे चौघे त्या बळाला दिशा देतात.

२०२१ च्या ड्रॅगन्स संघातील हा कणा कोणाचा होता? फुलबॅक सॅम टॉमकिन्स विगनमध्ये घडलेला इंग्लिश खेळाडू. त्या वर्षीचा सुपर लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून 'मॅन ऑफ स्टील' हा मान त्यालाच मिळाला. हाफबॅक मलोनी आणि जॉश ड्रिंकवॉटर हे दोघेही ऑस्ट्रेलियन. हुकर मायकल मॅकिलोरम लीड्सचा, विगनमधून आलेला. प्रशिक्षक स्टीव्ह मॅकनमारा हलचे. अंतिम सामन्यातील एकमेव ट्राय इंग्लिश खेळाडूचा आणि उरलेले सहाही गुण मलोनीच्या किकचे. संघात बेंजामिन गार्सिया, फुआद याहा, जुलियाँ बुस्के यांच्यासारखे फ्रेंच खेळाडू होते आणि त्यांचे योगदान नाकारता येणार नाही. परंतु निर्णय घेणाऱ्या चारही मुख्य जागांवर बाहेरून घडून आलेले खेळाडू होते.

याहून अर्थपूर्ण तपशील प्रतिस्पर्धी संघात सापडतो. फ्रान्सचा राष्ट्रीय संघातील हाफबॅक तेओ फाज त्या वर्षी सेंट हेलन्सच्या संघात होता. कोवळ्या वयातच तो इंग्लंडमध्ये गेला, सॅलफर्ड आणि नंतर सेंट हेलन्स येथे घडला. म्हणजे फ्रेंच क्लबला कण्यासाठी परदेशी खेळाडू आणावे लागले आणि फ्रेंच हाफबॅक इंग्लंडमध्ये तयार झाला. दोन्ही घटना एकाच उणिवेकडे निर्देश करतात.

याचा दोष एकट्या क्लबला देणे अन्यायाचे होईल. हाफबॅक घडण्यासाठी लहानपणापासून कसदार सामने खेळायला मिळावे लागतात. फ्रेंच देशांतर्गत स्पर्धा आणि सुपर लीग यांच्या दर्जात मोठी दरी आहे. देशातील पैसा, दूरचित्रवाणी आणि शाळांचा ओढा युनियनकडे आहे. १९४१ च्या फर्मानाने तुटलेली साखळी एका क्लबच्या पंधरा वर्षांनी पूर्ववत होणे शक्यच नव्हते. शिवाय क्लबपुढे खरी कोंडी होती. स्थानिक तरुणांना निर्णयाच्या जागा देऊन सामने हरावे, तर श्रेणी जाण्याचा धोका. बाहेरून अनुभवी खेळाडू आणावे, तर स्थानिक तरुण त्या जागांपासून वंचित राहणार. २०१७ मध्ये खालच्या श्रेणीच्या उंबरठ्यावर जाऊन आलेल्या क्लबने दुसरा मार्ग निवडला, हे समजण्यासारखे आहे. पहिल्या धोक्याचे उदाहरणही दूर नाही. तुलूझचा क्लब २०२१ मध्ये खालच्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून वर आला आणि २०२२ मध्ये तळाला राहून पुन्हा खाली गेला.

तथापि समजण्यासारखे असणे आणि पुरेसे असणे यांत फरक आहे. लांबणीवर पडून २०२२ मध्ये झालेल्या विश्वचषकात फ्रान्सने ग्रीसला हरवले, पण इंग्लंड आणि सामोआकडून मोठे पराभव स्वीकारून तो साखळीतच बाद झाला. २०२५ चा विश्वचषक फ्रान्समध्ये होणार होता, परंतु आवश्यक आर्थिक हमी न मिळाल्याने मे २०२३ मध्ये फ्रान्सने यजमानपद सोडले. क्लब ज्या काळात शिखरावर होता, त्याच काळात त्याच्या देशातील खेळाची ही अवस्था होती. २०२४ मध्ये तर क्लबही बाद फेरीत पोहोचला नाही आणि २०२५ मध्ये मॅकनमारा यांचा कार्यकाळ संपला. आणलेला कणा निवृत्त होतो किंवा निघून जातो, तेव्हा त्याच्या जागी उभे राहणारे कोणी घरात तयार असावे लागते.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) कॅतलन ड्रॅगन्सला सुपर लीगमधील 'विस्तार' किंवा 'पाहुणा' मानणे इतिहासाशी विसंगत आहे. झिडकारल्या गेलेल्यांनी उभारलेल्या एकाच परंपरेचा तो दुसरा वारसदार आहे.

२) २००६ च्या संरक्षणामुळे कॅसलफर्डसारख्या क्लबांच्या मनात निर्माण होणारी तक्रार रास्त होती. तिचे उत्तर युक्तिवादाने मिळणारे नव्हते, ते २०१८ आणि विशेषतः २०२१ च्या कामगिरीने दिले.

३) २०२१ चा हंगाम 'हुकलेले विजेतेपद' म्हणून पाहणे अपुरे आहे. महासाथीच्या काळात सर्वाधिक प्रवास करून अव्वल स्थान मिळवणे ही स्वतंत्र आणि मोठी सिद्धी होय.

४) या सिद्धीची खरी मर्यादा अंतिम सामन्यातील दोन गुणांत नाही. ती संघाच्या कण्यात आहे. क्लबने वारसा हक्क मिळवला, पण तो पुढील पिढीच्या हाती सोपवण्याची व्यवस्था अपुरी राहिली.

शेवटी एक बाब नमूद करणे आवश्यक वाटते. ड्रॅगन्समध्ये घडलेला हाफबॅक आणि फुलबॅक आर्थर मूर्ग २०२५ च्या हंगामात हल किंग्स्टन रोव्हर्सकडे गेला आणि त्या वर्षी त्या क्लबने तिन्ही प्रमुख मान मिळवले. कण्याच्या जागी खेळू शकणारा फ्रेंच खेळाडू फ्रान्समध्ये घडू शकतो, हे यावरून दिसते आणि तो तेथे टिकत नाही, हेही दिसते. पर्पिन्याँचा क्लब एखाद्या दिवशी अंतिम सामना जिंकेल, यात शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, त्या दिवशी सहाव्या टॅकलला चेंडू ज्याच्या हातात असेल, तो ब्रुतुस मैदानाच्या आसपास वाढलेला असेल काय? त्याचे उत्तर होकारार्थी येईल, तेव्हाच २०२१ च्या हंगामाचे अपुरे राहिलेले काम पूर्ण झाले, असे म्हणता येईल.